नदीच्या तोंडचं मीठ

१९९२ साली लग्न होऊन मी गणेशगुडीला आले, तेव्हा सुपा धरण पुरं होऊन पाच वर्षं झाली होती. माहेर बेळगावचं. बी. ए. ला इतिहास घेतलेला, त्यामुळे सासर म्हणजे एखादं जुनं गाव, जुनं देऊळ, जुनी विहीर असं काहीतरी मनात होतं. इथं येऊन बघते तर सगळंच नवं. आमच्या सासरचं मूळ घर जुन्या सुप्यात, काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमाजवळ. ते गाव धरणात गेलं. कुणी रामनगरला गेलं, कुणी नातेवाइकांकडे, आणि आमच्या मामंजींनी गणेशगुडीला किराणा दुकान टाकलं. धरणावर काम करणारी माणसं, त्यांच्या वसाहती, यांच्यावरच ते दुकान वाढलं. म्हणजे ज्या धरणानं आमचं घर नेलं, त्यानंच आमची चूल पेटवली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते लिहिताना माझा हात त्या दुकानाच्या गल्ल्यातच आहे.

सासूबाई पाणी दुपदरी फडक्यातून गाळायच्या. हे तुमच्याही घरी होत असेल, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते पुढचं. गाळून झालं की फडकं उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं विसळायचं, आणि ते पाणी, म्हणजे जिवाणी, जिथून आणलं तिथंच परत सोडायचं. विहिरीचं विहिरीत, ओढ्याचं ओढ्यात. तेही वरून फेकायचं नाही. दोरी लावलेला लहान तांब्या खाली सोडायचा, पाण्याला टेकला की अलगद उलटा करायचा. सुप्याच्या विहिरीवर त्यांनी हे वर्षानुवर्षं केलं. मी नवी सून, कॉलेज शिकलेली. एकदा विचारलं, "सासूबाई, कुठंतरी पाण्यातच सोडायची ना? मग हीच विहीर कशाला?" त्या म्हणाल्या, "एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही गं. गोडं पाणी म्हणजे सगळं एकच, असं तुला वाटतं. त्याला तसं वाटत नाही."

गणेशगुडीला नळ आला आणि त्यांची पंचाईत झाली. नळाच्या पाण्याची जिवाणी परत कुठं करायची? शेवटी त्यांनी आपल्या मनाशी ठरवलं, की नळाला पाणी नदीचंच येतं. मग रोज सकाळी पितळी तांब्या घेऊन उतारावरून नदीला जायचं. गुडघे दुखायला लागले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी ते केलं, पण खरं सांगते, सासूबाईंसाठी केलं. जिवाणीसाठी नाही.

त्या रोजच्या फेऱ्यांमुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती नोंदवून ठेवते. माहेरी उन्हाळ्यात नदी-ओढे आटलेले बघायची सवय. वैशाखात पात्रात दगडच दिसायचे. इथं मात्र भर मे महिन्यात काळी कधी गुडघाभर, तर कधी दुथडी. आभाळात ढग नाही आणि नदी भरून चाललेली. वीज करायला धरणातून पाणी सोडलं की नदी चढते, बंद केलं की उतरते. पुढं इथं पर्यटक रबरी होड्यांतून खेळायला येऊ लागले, तेही पाणी सुटायची वाट बघत काठावर बसायचे. मला या सगळ्याचं कौतुकच वाटायचं. उन्हाळ्यात न आटणारी नदी म्हणजे पुण्याईच की!

ही पुण्याई खाली उतरून कुठं जाते, हा प्रश्न मला पंधरा-वीस वर्षं पडला नाही.

तो पडला कारवारला. आमचा जिल्हा उत्तर कन्नड, आणि जिल्ह्याची कचेरी कारवारला. मुलाच्या एका दाखल्यासाठी गेले होते. जोयडा, अणशी घाट, कद्रा करत बस उतरते, आणि शेवटी ज्या नदीवर मी रोज तांब्या रिकामा करते तीच नदी एवढी रुंद होऊन समोर येते, की ओळखू येत नाही. एका काठाला कोडीबाग, पलीकडे सदाशिवगड, पुढं अरबी समुद्र. रस्त्याच्या कडेला एक कोळीण पाटी घेऊन बसली होती. पाटीत तिसऱ्या. मी सवयीनं पदर नाकाला लावला. तिनं ते बघितलं, पण रागावली नाही. "कुठल्या, बाय?" म्हणून विचारलं. मी गणेशगुडी म्हटलं तर हसली आणि म्हणाली, "म्हणजे वरचं उदक तुमच्याकडून येतं." मग कोकणीत बरंच काही बोलली. मला समजलं ते एवढं : तिच्या आईच्या वेळेला होळीनंतर पाणी चांगलं खारं व्हायचं आणि ओहोटीला हातानं उकरून पाट्या भरायच्या. आता पाऊस नसतानाही मधूनच गोडं पाणी येतं. गोडं पाणी आलं की तिसरी तोंड मिटून बसते. किती दिवस मिटून बसणार?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बसमध्ये मनात एकच घोळत होतं. आपण तर तिसऱ्या खात नाही, मग हे पाप आपल्याकडे कसं?

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एवढं माहीत आहे, की एका बाईचं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे. पण एका बाईचं बोलणं म्हणजे शोध घ्यायचं कारण नक्कीच असतं. तेव्हापासून नदीच्या या तोंडाबद्दल जिथं मिळेल तिथं वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले. त्यातलं जे पक्कं कळलं तेच इथं मांडते.

सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून करू. आपल्यापैकी पुष्कळजणी यात्रेला गेरुसोप्प्याला जाऊन आल्या असतील. शरावतीच्या काठी, जंगलात, चारी दिशांना दारं असलेली चतुर्मुख बसदी. ज्या राज्याची ती खूण, त्याच राज्याची राणी चेन्नभैरादेवी. जैन राणी. १५५२ ते १६०६, चोपन्न वर्षं तिनं राज्य केलं. पोर्तुगीज तिला मिऱ्याची राणी म्हणायचे आणि वचकून असायचे. शेवटी केळदीच्या नायकांनी तिला पकडलं आणि कैदेतच तिचा अंत झाला. हे सगळं आपण यात्रेत ऐकतो, हात जोडतो आणि परत येतो. पण तिचं राज्य कशावर उभं होतं? नदीच्या तोंडांवर. घाटावरचं मिरं नदीवाटे खाली यायचं. समुद्राचं पाणी भरतीला नदीत आत चढायचं, त्या पाण्यावर होड्या होन्नावरहून थेट गेरुसोप्प्यापर्यंत वर यायच्या. तिच्या नावाशी जोडला जाणारा मिर्जानचा किल्ला अघनाशिनीच्या खाडीपासून जवळच. गोडं आणि खारं पाणी जिथं भेटतं, तिथंच तिचा खजिना होता.

या जागेला आपण मराठीत खाडी म्हणतो, कन्नडमध्ये अळिवे. शास्त्रज्ञ नदीमुख म्हणतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे आपले दोन-तीन मोठे चमचे. नदीच्या पाण्यात जवळजवळ नाहीच. खाडीत हे प्रमाण रोज दोनदा भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतं आणि वर्षभरात ऋतूंबरोबर बदलतं. आषाढ-श्रावणात नदी समुद्राला मागं रेटते, खाडी पार गोडी होते. दिवाळीनंतर नदी बारीक होत जाते आणि समुद्र हळूहळू आत येतो. चैत्र-वैशाखात खारं पाणी सगळ्यात आत पोचतं.

तिथले जीव या पंचांगावर चालतात. तिसरी, खुबे, कालवं हे सगळे शिंपल्यातले जीव. पावसात पाणी गोडं झालं की ते कवच घट्ट मिटून घेतात, चिखला-वाळूत दबून राहतात. काही मरतात, काही तग धरतात. पाणी पुन्हा खारं व्हायला लागलं की त्यांची पुढची पिढी वाढीला लागते. म्हणजे गोडं पाणी त्यांना शत्रू नाही. पाऊसकाळी ते यायलाच हवं, त्याच्याबरोबर डोंगरातला गाळ येतो, अन्न येतं. पण ते आपल्या वेळेला यावं आणि आपल्या वेळेला जावं. आपला उपास जसा दुसऱ्या दिवशी पारणं आहे म्हणून निभतो, तसंच ते. पारणंच नाही असा उपास कोण काढेल?

काठाच्या झाडांचंही तसंच. तिवर, कांदळ, चिपी यांना आपण नुसतं कांदळवन म्हणून मोकळं होतो. पण कुणाला किती मीठ सोसतं ते ठरलेलं असतं, आणि त्याप्रमाणे ती आपापली जागा धरून असतात. त्यांच्या मुळांच्या जाळीत माशांची, कोळंबीची पिल्लं लपून वाढतात आणि मग समुद्रात जातात. खोल समुद्रात सापडणाऱ्या कितीतरी जातींचं बाळंतपण अशा खाड्यांत होतं.

हे मीठ-पाण्याचं गणित शास्त्रज्ञांच्या आधी शेतकऱ्यांना समजलं होतं. गोव्यात खाजण शेती. खाडीकाठची जमीन बांध घालून राखायची आणि बांधात लाकडी दारं बसवायची. त्या दाराला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. तिथं कोर्गुट नावाचं खारं सोसणारं भात पिकतं. आमच्या जिल्ह्यात अशा जमिनीला गजनी म्हणतात आणि तिथलं भात कग्गा. गोकर्णाजवळ सानिकट्ट्याला अजून मिठागरं आहेत. खाऱ्याला कधी आत घ्यायचं, कधी बाहेर ठेवायचं, हे ज्ञान कुणी पुस्तकात लिहून ठेवलं नव्हतं. ते बांध सांभाळणाऱ्या हातांत होतं.

मोजमाप सुरू झालं ते फार अलीकडे. १९६० ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. त्यातूनच १ जानेवारी १९६६ ला आपल्याकडे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढं तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आलं. जागा बघा कशी. एका बाजूला मांडवीचं मुख, दुसऱ्या बाजूला झुआरीचं. तिथल्या शास्त्रज्ञांनी या दोन नद्या अक्षरशः नाडी धरल्यासारख्या तपासल्या. महिन्या-महिन्याला मीठ किती, गाळ किती, डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव कोणते आणि किती. भरती समुद्रापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आतपर्यंत जाणवते, हे त्यातून नीट समोर आलं. इकडे कारवारला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग काळीच्या तोंडाशी कोडीबागेत आहे. मीही त्याच विद्यापीठाची पदवीधर. आम्ही बेळगावात तह आणि लढायांच्या सनावळ्या पाठ करत होतो, तेव्हा तिकडे आमच्याच विद्यापीठाची मुलं-मुली होडीत बसून बाटल्यांत पाणी भरत होती. इतिहास तर तेही लिहीत होते. त्यांच्या वहीत राजाच्या नावाऐवजी महिना आणि मिठाचा आकडा असायचा, एवढाच फरक.

या सगळ्या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग आमच्या जिल्ह्यातच झाला. उत्तर कन्नडमध्ये चार मोठ्या नद्या एकाच सह्याद्रीतून निघून एकाच समुद्राला मिळतात. काळी, गंगावळी, अघनाशिनी आणि शरावती. एकच डोंगर, एकच पाऊस, एकच किनारा. पण माणसानं चौघींना चार तऱ्हेनं वागवलं.

काळी आमच्या जोयडा तालुक्यातच डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहते. तिच्यावर पहिलं मोठं धरण आमचं, १०१ मीटर उंच. पोटात सुमारे १४७ टीएमसी पाणी. कोयनेच्या धरणात १०५ टीएमसी मावतं, म्हणजे हे त्याच्यापेक्षाही मोठं. त्याच्या खाली बोम्मनहळ्ळीचा तलाव, नागझरीचं वीजघर, कोडसळ्ळी, कद्रा, आणि कद्र्याच्या पाण्यावर कैग्याची अणुवीज. एकच पाणी पुन्हा पुन्हा कामाला लावलेलं. शरावतीवर १९६४ साली लिंगनमक्की धरण झालं, आणि तिलाही गेरुसोप्प्यापर्यंत वीजघरांची साखळी लागली. हो, तेच आपलं गेरुसोप्पे, तिथंही आता धरण आहे. गंगावळीवर, म्हणजे वरच्या बेडतीवर, मोठं वीज धरण होणार होतं, पण १९८० च्या सुमारास शिरसीच्या सुपारी-बागाईतदारांनी आणि अभ्यासकांनी विरोध केला आणि ते थांबलं. अघनाशिनीवर मोठं धरण नाहीच.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुण्याच्या माधव गाडगीळांनी परिसरविज्ञानाचं केंद्र उभं केलं. त्या केंद्रानं हा जिल्हा अनेक वर्षं पायाखाली घातला. टी. व्ही. रामचंद्र आणि कुमट्याच्या बाळिगा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एम. डी. सुभाष चंद्रन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चार नद्यांची मुखं शेजारी शेजारी ठेवून बघितली. साधी युक्ती. चार बहिणी एका घरात वाढल्या, दोघींना एक औषध दिलं, दोघींना नाही, मग कुणाचं काय झालं ते बघायचं.

अघनाशिनीत त्यांना शिंपल्यातल्या जीवांची दाटी सापडली. वर्षाला वीस हजार टनांहून जास्त तिसऱ्या-खुबे तेव्हा तिथून निघायचे, दोन हजारांहून जास्त माणसं त्यावर पोट भरायची, आणि त्यांत बायका पुष्कळ. शरावतीत उलटं. वीजघरांतून बारा महिने गोडं पाणी येत राहिल्यानं होन्नावरच्या खाडीला उन्हाळ्यातही पुरेसं खारं व्हायला मिळत नाही. खाण्याच्या शिंपल्यांच्या ज्या जाती पूर्वी तिथं मिळायच्या, त्या जवळजवळ संपल्या. कांदळवनातही मिठाची आवड असलेली झाडं मागं पडली आणि कमी मिठावर जगणाऱ्या तांबड्या फुलांच्या चिपीचं राज्य आलं. वरून बघणाऱ्याला नदी भरलेली, काठ हिरवा, सगळं छान. मीठ मोजल्याशिवाय कळत नाही, की आत पारण्याविना उपास चालला आहे.

काळीच्या मुखाचं सगळं खापर मात्र मी धरणावर फोडणार नाही. तिथं वाळूउपसा आहे, वाढतं शहर आहे, वरच्या गावांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी आहे. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पण पावसाविना गोडं पाणी आल्यावर खाडीत काय होतं, ते शरावतीनं दाखवून दिलं आहे, आणि गोडं पाणी पावसाविना आमच्या गणेशगुडीतूनही जातं, हे मी रोज तांब्या हातात घेऊन बघितलं आहे. त्या कोळणीनं मला जे दोन मिनिटांत सांगितलं, त्यावर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं बाटल्या भरून शिक्का मारला.

धरण वाईट, असं म्हणून हात झटकणंही मला जमणार नाही. पाण्याच्या विजेला कोळसा जाळावा लागत नाही. माझा मिक्सर, मुलाचा अभ्यासाचा दिवा, दुकानाचा फ्रीज त्याच विजेवर चालतात. तुमचेही चालत असतील, वीज कुठल्या नदीची ते तारेवर लिहिलेलं नसतं. मला बोचतं ते वेगळंच. आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही, कंदमुळं टाळतो, पाणी गाळतो. आपल्या स्वयंपाकघरात हिंसा नाही याचा आपल्याला अभिमान असतो आणि तो खोटा नाही. पण स्वयंपाकघराच्या भिंतीला जे बटण आहे, त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे आपण कधी विचारलं? शंख-शिंपल्यातले जीव दोन इंद्रियांचे, त्यांना स्पर्श कळतो आणि चव कळते, असं आपल्याला लहानपणापासून पाठशाळेत शिकवलंय. चव कळते! ज्याला फक्त दोनच गोष्टी कळतात, त्यातली एक चव, त्याच्या तोंडचं मीठच आपण काढून घेतलं. आणि मी त्या बाईच्या पाटीसमोर पदर नाकाला लावून उभी होते. ती हातानं उकरून पाटी भरत होती, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाटी भरावी एवढे जीव खाडीत राहावेत ही तिची गरज होती. मला तर ते जीव आहेत हेच ठाऊक नव्हतं. दोघींत हिशेब कुणाचा मोठा, हे मी सांगू शकत नाही. तेव्हापासून नाकाला पदर मात्र लावला नाही.

सासूबाईंचं वाक्य मला तेव्हा कळलं. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही. शास्त्रज्ञांना होड्या, बाटल्या आणि चार नद्या लागल्या, सासूबाईंना एक तांब्या पुरला, असं म्हणून मी शास्त्राला कमी लेखणार नाही. सासूबाईंना नियम माहीत होता, पण आपल्या दारची नदी समुद्रात काय करते ते माहीत नव्हतं. शास्त्रज्ञांना ते माहीत आहे, पण विहिरीत तांब्या अलगद सोडायचा असतो हे एखाद्या वीजघराला कोण शिकवणार? दोन्ही ज्ञानं एकमेकींना भेटायला हवीत, खाडीत पाणी भेटतं तशी.

भेट झाली की काही घडतं, हे अघनाशिनीनं दाखवलं. त्या खाडीकाठी तदडीला मोठा औष्णिक वीजप्रकल्प येणार होता. तिसऱ्या काढणाऱ्या, मासे धरणाऱ्या, कग्गा पिकवणाऱ्या लोकांनी विरोध केला. शास्त्रज्ञांनी तिथल्या जीवांची आणि त्यावर जगणाऱ्या माणसांची मोजदाद पुढं ठेवली. प्रकल्प मागं पडला. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा राखण्याचा करार झाला, आपला देश १९८२ पासून त्यात आहे. त्या यादीत २०२४ च्या जानेवारीत अघनाशिनीच्या मुखाचं, ४८०१ हेक्टरचं, नाव लागलं. आपल्या महाराष्ट्रातली ठाण्याची खाडी २०२२ साली लागली होती. अघनाशिनी म्हणजे पाप नाहीसं करणारी. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चार बहिणींत जिला मोकळं सोडलं तिच्याच वाट्याला ते यावं, याचं मला नवल वाटतं.

धरण पाडा, असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण पाणी सोडायचं वेळापत्रक माणसंच ठरवतात. आज ते विजेची मागणी बघून ठरतं. त्यात खाडीच्या मिठाचा एक रकाना घालता येईल का, उन्हाळ्याचे काही आठवडे तरी समुद्राला आत येऊ देता येईल का, हा प्रश्न जाणकारांनी बसून सोडवायचा आहे. तो विचारायला मात्र जाणकार असावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कद्र्याचे दरवाजे उघडले आणि खालच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा लोकांनी विचारलंच की पाणी कधी, किती आणि कुणाला सांगून सोडलं. माणसांसाठी जो प्रश्न विचारता येतो, तो तिसऱ्यांसाठीही विचारता येईल.

आपल्या महिला मंडळाची गेरुसोप्प्याची यात्रा दर एक-दोन वर्षांनी निघते. मागच्या खेपेला बसदीचं दर्शन झाल्यावर मी हट्टानं सगळ्यांना होन्नावरच्या खाडीवर नेलं. ओहोटी होती. एकजण म्हणाली, "इथं काय बघायचं? चिखल तर आहे." मी म्हटलं, "राणीचा खजिना बघायचाय." मग तिथंच उभं राहून हे सगळं थोडक्यात सांगितलं. कुणाला पटलं, कुणाला नाही. एका वयस्कर काकूंनी मात्र चिखलाकडे बघून हात जोडले.

सासूबाई जाऊन आता नऊ वर्षं झाली. क्षमावणीच्या दिवशी आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो, एका इंद्रियापासून पाच इंद्रियांपर्यंत. इतकी वर्षं मी ते भराभर म्हणायची. आता दोन इंद्रियांवर आले की थांबते. तिसऱ्या, खुबे, कालवं अशी नावं मनात घेते, मग पुढं जाते.

तांब्या अजून नदीला नेते. आता तो सासूबाईंसाठी नेत नाही.